जंगल भाड्याने देणे आहे!

मागच्या महिन्यात मावसभावाचा व्हिडीओ कॉल आला. दादा अमेरिकेत अलाबामामध्ये एमएस करतोय. मागे सोफ्यावर त्याचा रूममेट तोंड पाडून बसला होता. काय झालं विचारलं, तर दादा म्हणाला, ‘‘अगं, त्याच्या बाबांच्या क्लबचं जंगल गेलं.’’ मला वाटलं, वणवा लागला असेल. पण जंगल जागच्या जागी होतं, फक्त भाडेकरार संपला होता.

जंगल आणि भाड्याने? आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं आठवतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र बहुतेक जंगल खासगी आहे. अलाबामात तर नव्वद टक्क्यांहून जास्त. मालक कोण? पिढ्यान्‌पिढ्या जमीन सांभाळणारी कुटुंबं आणि लाकूड कंपन्या. १९०० साली सुरू झालेल्या वेअरहाऊजर या कंपनीकडे देशभरात एक कोटी एकरच्या आसपास जमीन आहे, आणि त्यातली बरीच ती शिकार, कॅम्पिंगसाठी भाड्याने देते.

यामागचं गणित साधं आहे. तिथे लावतात लॉबलॉली पाइन. पहिली विरळणी साधारण पंधराव्या वर्षी, शेवटची तोड पंचवीस-तीस वर्षांनी. तोपर्यंत उत्पन्न नाही, पण जमिनीचा कर दरवर्षी भरायचा. मग मधल्या वर्षांत शिकारी क्लबला जमीन देतात. दर जागेप्रमाणे बदलतो. एकरी वर्षाला १२ डॉलर धरले, तर हजार एकरांचे १२ हजार. क्लबात पंधरा मेंबर असतील, तर प्रत्येकी ८०० डॉलर, म्हणजे ७० हजार रुपयांच्या आसपास. विमा, बियाणं, रस्त्याची डागडुजी वेगळी. विमा तर लागतोच, कारण लोकांना फुकट येऊ देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यापासून कायद्याचं जे संरक्षण असतं, ते पैसे घेतले की सहसा उरत नाही.

मालकाला आणखी एक फायदा होतो. क्लबवाले फुकटचे राखणदार ठरतात. लाकूडचोर, कचरा टाकणारे, आग... सगळ्यांवर त्यांची नजर असते.

क्लबच्या फाटकाला कुलूप, किल्ली फक्त मेंबरांकडे. आत एका बोर्डावर जंगलाचा नकाशा. आज कोण कुठल्या मचाणावर बसणार, तिथे आपल्या नावाची पिन लावायची, म्हणजे चुकून कुणाच्या दिशेने गोळी सुटू नये. झाडाला खिळा ठोकायला मात्र सक्त मनाई, कारण तोच खिळा पुढे गिरणीत करवतीचं पातं मोडतो.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हे, की भाडं भरलं तरी हरीण तुमचं होत नाही. जमीन मालकाची, पण वन्यप्राणी जनतेचे आणि सांभाळणार राज्य सरकार. त्यामुळे लायसन्स, हंगाम, मर्यादा सगळं पाळायचं. अलाबामात एका शिकाऱ्याला हंगामात तीनच नर हरणं मारता येतात आणि मारलेल्या हरणाची ४८ तासांत सरकारकडे नोंद करावी लागते. शिवाय १९३७ च्या कायद्यानुसार रायफली-काडतुसांवर ११ टक्के कर असतो, तो वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो.

खरं सांगू? शिकार हा शब्दच मला झेपत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली, याचा मला आनंदच आहे. पण दादाच्या रूममेटचं दुःख बंदुकीचं नव्हतंच.

त्याचे आजोबा या क्लबात होते. उन्हाळ्यात तो बाबांबरोबर रस्त्यावर आडवी आलेली झाडं बाजूला करायचा, हरणांसाठी ओट्स आणि क्लोव्हर पेरायचा. वीस-बावीस वर्षं तीच जमीन. पण करार दर वर्षीचा. जमीन विकली गेली, नव्या मालकाने भाडं वाढवलं. शहरातल्या एका ग्रुपने जास्त पैसे मोजले आणि जुन्यांना महिन्याची नोटीस मिळाली. मालकाचं काही चुकलं का? कागदावर तरी नाही. पण आसपासच्या गावातल्या, बेताच्या पगाराच्या माणसाने काय करायचं? सरकारी शिकार क्षेत्रं आहेत, तिथे परवाना काढून कुणीही जाऊ शकतं. पण तिथे गर्दी असते आणि आपण पेरलेला ओट्सचा तुकडा नसतो.

मी दादाला विचारलं, ‘‘मग ते लोक आता काय करणार?’’

‘‘दुसरी जमीन शोधतायत. सध्या मचाणं उतरवणं चाललंय,’’ तो म्हणाला.

रात्री त्याने फोटो पाठवला. कॅम्पवरून काढून आणलेला तो नकाशाचा बोर्ड, आता त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलेला. पिना तशाच होत्या. एकीवर आजोबांचं नाव होतं.