लोक म्हणजे तरी कोण?

गोष्ट २०२२ च्या संक्रांतीची आहे. हळदीकुंकवाची तयारी झाली होती, वाण आणून ठेवलं होतं आणि मी बोलावायच्या बायकांची यादी करत होते. शेजारच्या वहिनींचं नाव लिहिलं आणि लगेच खोडलं. आदल्या वर्षी करोनात त्यांचे यजमान गेले होते. 'उगाच त्यांचं मन दुखायला नको,' अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं कारण मला ठाऊक होतं. चार बायका काय म्हणतील, याची धास्ती! आणि मी तर महिला मंडळात स्त्रियांच्या हक्कांवर बोलणारी बाई.

त्या संध्याकाळी आमच्याकडे वर्दळ होती, वहिनींचं दार मात्र बंद होतं. मला रात्री झोप लागेना. सकाळी तिळगूळ घेऊन गेले, तर त्याच म्हणाल्या, "नाही बोलावलंत ते बरं केलंत. माझं तोंड बघून कुणाचा सण कशाला बिघडवायचा?"

माझ्या पोटात गलबललं. लोकांनी त्यांना अशुभ ठरवलं होतं आणि त्यांनीही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. आपण म्हणतो ना, 'जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळगा.' पण मनातली लाजही पुष्कळदा जनांनीच पेरलेली असते!

आणि लोकांचं मत कायम थोडंच राहतं? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा कोकणातल्या मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं.

त्याच वर्षी, म्हणजे ४ मे २०२२ ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पुढे सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. बातमी वाचली आणि वाटलं, अख्खं गाव ठरवू शकतं, मग मला एक नाव लिहिता येऊ नये?

पुढच्या संक्रांतीला मी पहिलं आमंत्रण वहिनींना दिलं. त्या नकोच म्हणत होत्या. शेवटी हाताला धरून आणलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, एक आजी तर वाण न घेताच निघून गेल्या. मी गोंधळून उभी होते. तेवढ्यात माझ्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः वहिनींच्या कपाळाला कुंकू लावलं. वहिनींचे डोळे भरून आले. मग बाकीच्याही गप्पांत रमल्या.

ज्यांच्या भीतीनं मी नाव खोडलं होतं, त्या यादीत सर्वात वर सासूबाईच होत्या. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं! तुमच्या यादीतलं एखादं नाव असंच खोडलेलं असेल, तर यंदा ते परत लिहाल ना?