वळूचा हिशेब आणि पुरुषाचे चौऱ्याहत्तर दिवस

राहुरी, संगमनेर, राहाता या दुधाच्या पट्ट्यात गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की रेताच्या कांडीचीही चौकशी होते. वळू कुठला, नायट्रोजनच्या टाकीत कांडी नीट राहिली होती का, भरवायची वेळ चुकली का? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय घडवली. उणे 196 अंशांवर गोठवलेलं रेत हा या भागात रोजच्या बोलण्यातला विषय आहे. मात्र घरातल्या सुनेला दिवस राहिले नाहीत, तर दवाखान्याच्या वाऱ्या बहुतेकदा तिच्याच नशिबी येतात. वळूबद्दल जे विचारतो, ते पुरुषाबद्दल विचारायचं तर आधी त्याच्या शरीरातलं काम समजून घ्यायला हवं.

वृषणं पोटाबाहेर असतात, कारण शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. प्रत्येक वृषणात सुमारे अडीचशे कप्पे आणि त्यांत अतिशय बारीक, नागमोडी नळ्या. उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर शेकडो मीटर भरतील. नळीच्या भिंतीलगतच्या मूळपेशी विभागतात. त्यांतल्या काही जागेवर राहतात, बाकीच्या पुढच्या कामाला लागतात, त्यामुळे साठा आटत नाही. प्रवरानगरच्या साखर कारखान्याला गळीत हंगाम असतो. वृषणातला हा कारखाना मात्र वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू राहतो आणि रोज दहा कोटींच्या आसपास शुक्राणू तयार करतो.

पुढचा टप्पा अर्धसूत्री विभाजनाचा. 46 गुणसूत्रांच्या पेशीतून 23 गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. निम्म्यांत एक्स येतो, निम्म्यांत वाय. मुलगा की मुलगी, हे सुनेच्या हाती नसतंच. अंड्याला कुठला शुक्राणू मिळतो त्यावर ते ठरतं. या गोल पेशींना मग आकार येतो. केंद्रक घट्ट आवळलं जातं, डोक्यावर अंड्याचं आवरण भेदणाऱ्या विकरांची टोपी चढते, मध्यभागी ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका गोळा होतात आणि शेपूट फुटते. हे होईपर्यंत त्यांचं पोषण करतात सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये त्यांचं वर्णन केलं.

या सगळ्याला किती दिवस लागतात? हेलर आणि क्लेरमाँ या शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये किरणोत्सारी खुणेच्या मदतीने माग काढला. उत्तर आलं सुमारे 74 दिवस. वळूत हेच काम साधारण 61 दिवसांत उरकतं.

वृषणातून निघालेल्या शुक्राणूला अजून पोहता येत नाही. अधिवृषण नावाच्या, जवळपास सहा मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून जाताना तो पोहण्याजोगा होतो. याला आणखी काही दिवस ते दोन आठवडे लागतात. शेवटची तयारी स्त्रीच्या शरीरातच होते, हे चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं.

थोडक्यात, आजच्या वीर्यतपासणीत गेल्या सुमारे तीन महिन्यांतलं शरीर दिसतं. मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला असेल, तर शुक्राणूंची संख्या घटलेली दिसू शकते. एका अहवालावर कुणाला नापास करू नये. नसबंदीनंतरही नळीत आधीचे शुक्राणू उरतात. म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करतात. नसबंदीने पुरुषत्व जात नाही, कारण टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात मिसळतं. कापलेल्या नळीशी त्याचा संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांत मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा आहे आणि त्यांतले चार टक्के सुघड असले तरी पुरे. वीर्यतपासणीला सुई लागत नाही की भूल. फक्त आधी दोन ते सात दिवसांचा संयम लागतो. तेव्हा मूल होत नसेल, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं आणि नवऱ्याची ही सोपी तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी.