रिकाम्या रकान्याचा अर्थ

एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज केला आहे. पुढे त्याचा मोबाइल नंबर बदलतो. मदत कक्षाच्या चॅटवर तो नवा नंबर कळवतो आणि तिथला एआय एजंट ‘नोंद अद्ययावत केली’ असं उत्तर देतो. नंबर खरोखर बदललेला असतो. पण पत्ता आणि बँक खात्याचा तपशील कोरा झालेला असतो. एजंटने फक्त बदललेला रकाना पाठवला होता. जे रकाने आले नाहीत ते पुसायचे, असा अर्थ सॉफ्टवेअरने लावला.

हे उदाहरण कल्पित असलं, तरी असा घोटाळा प्रोग्रामरना चांगलाच परिचयाचा आहे. तो टाळण्याची जागा अनेकदा कोडमध्ये नसते, एजंट वापरतो त्या टूलच्या वर्णनात असते.

भाषा-मॉडेल स्वतः कुठल्याही डेटाबेसला हात लावत नाही. ‘हे टूल या माहितीसह चालवा’ एवढंच ते सांगतं आणि प्रत्यक्ष काम सॉफ्टवेअर करतं. ओपनएआयने जून 2023 मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ची सोय दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एजंट आणि टूल जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला प्रोटोकॉल आणला. दोन्हीकडे मॉडेलला मुख्यतः तीन गोष्टी मिळतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणते रकाने कसे भरायचे याचा आराखडा. टूलच्या आत काय चालतं ते त्याला एरवी दिसत नाही. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट बहुतेक वेळा समोरच्या मजकुरावरच पाऊल उचलतो.

नोंद बदलणाऱ्या टूलमध्ये ही जोखीम वाढते, कारण ‘अद्ययावत करणं’ एकाच प्रकारचं नसतं. वेबच्या एचटीटीपी नियमांनुसार ‘पुट’ म्हणजे अख्खी नोंद बदलून नवी बसवणं. काही भागच बदलण्यासाठी 2010 मध्ये ‘पॅच’ ही पद्धत प्रमाणित झाली. ‘जेसन मर्ज पॅच’ या मानकात वगळलेला रकाना तसाच राहतो, तर ‘नल’ म्हणजे रिक्त मूल्य पाठवलेला रकाना काढून टाकला जातो. आपलं टूल यातलं काय करतं, हे स्पष्ट लिहायलाच हवं.

‘अर्जाची नोंद अद्ययावत करते’ हे वर्णन त्यामुळे अपुरं पडतं. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘आधी दाखल झालेल्या एका अर्जातले दिलेले रकानेच बदलते. न दिलेले रकाने तसेच राहतात. रकाना पुसायचा असेल तरच नल पाठवा. अर्ज क्रमांक माहीत नसेल तर आधी शोध टूल वापरा, नावावरून अंदाज करू नका. मंजूर अर्जात बदल होत नाही.’ तारखेचा रकाना असेल, तर 2025-04-03 असा नमुनाही द्यावा. नाहीतर 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे एजंट स्वतःच ठरवून मोकळा होतो.

शब्दांचा परिणाम किती होतो, हे अँथ्रॉपिकने सांगितलेल्या दोन अनुभवांतून दिसतं. क्लॉड या त्यांच्या मॉडेलचं वेब शोध टूल सुरू झालं तेव्हा मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘2025’ जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारून त्याला वळणावर आणलं गेलं. कोड दुरुस्त करणाऱ्या एका एजंटच्या फाइलच्या पत्त्यात चुका व्हायच्या. तो मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की अर्धवट पत्ता चुकायचा. टूलने पूर्ण पत्ता मागायला सुरुवात केल्यावर ती अडचण संपली.

पण वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने, बदल करू नका अशी सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर कंपनीने विकासाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा ठेवण्याची व्यवस्था पुढे आणली. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही ‘हे टूल फक्त वाचतं’, ‘हे काही नष्ट करू शकतं’, ‘हे पुन्हा चालवलं तरी जास्तीचा परिणाम होत नाही’ अशा खुणा लावता येतात. मात्र त्या सूचनावजा आहेत, हे प्रोटोकॉलच सांगतो. मंजूर अर्ज बदलायचा नसेल, तर ती मनाई सर्व्हरवरच हवी.

टूलच्या उत्तराकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं. ‘यशस्वी’ एवढ्यावर न थांबता कोणता रकाना बदलला, आधी काय होतं आणि आता काय आहे, हे टूलने परत पाठवावं. बदल नाकारला, तर नुसता ‘त्रुटी 400’ देऊन भागत नाही; ‘मोबाइल नंबर दहा अंकी हवा, नऊ अंक मिळाले’ असं कारण हवं. मग एजंट अंदाजाने दुसरा नंबर भरण्याऐवजी अर्जदाराला राहिलेला अंक विचारू शकतो.