रक्ताची गुठळी आणि औषधाची कसोटी



कर्करोगाच्या रोग्याचा एक पाय अकस्मात् सुजला, पोटरी दुखूं लागली, कीं तेल लावून चोळण्याचा मोह घरच्यांस होतो. परंतु ती सूज शिरेंत रक्त गोठल्याचीही असूं शकते. अशी गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. म्हणून पाय न चोळतां प्रथम डॉक्टरांस दाखवावा.

कर्करोगाचा व गुठळीचा संबंध फ्रान्सचे वैद्य ट्रूसो यांनीं १८६५ सालीं दाखविला. रक्त गोठूं न देणारें औषध द्यावें, तर अशा रोग्यांस रक्तस्रावाचें भयही अधिक. इकडे आड, तिकडे विहीर! यांतून वाट काढावयाची ती कसोटीनेंच.

हुशार मुलें एका वर्गांत व कच्चीं दुसऱ्यांत घालून शिक्षकांची तुलना करणें अन्यायाचें होय. म्हणून औषधाच्या परीक्षेंतही रोग्यांचे गट जणूं चिठ्ठ्या टाकून पाडतात. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६७६ रोग्यांच्या परीक्षेंत, जुन्या गोळ्यांऐवजीं डाल्टेपॅरिनची रोजची टोचणी दिली असतां, सहा महिन्यांत गुठळी पुन्हां होण्याचें प्रमाण शेंकडा १७ वरून ९ वर आलें. पण रोज सुई कोणास आवडेल? म्हणून नव्या गोळ्यांची त्या टोचणीशीं तुलना झाली. २०१८ सालच्या परीक्षेंत एडोक्साबाननें गुठळ्या कांहींशा कमी झाल्या, तरी मोठा रक्तस्राव शेंकडा ४ ऐवजीं ६.९ जणांस झाला. २०२० सालीं अपिक्साबानच्या परीक्षेंत मात्र तो टोचणीइतकाच आढळला. सारांश, दोन गोळ्या सारख्या दिसल्या तरी गुण एक नसतो. आतां रक्तांतील अकराव्या घटकास अडविणाऱ्या औषधांची परीक्षा चालू आहे.

आमच्या सोनई भागांतील रोगी उपचारासाठीं नगर, पुणें, मुंबईस जातात. तेथें एखाद्यास अशा परीक्षेंत येण्याविषयीं विचारलें, तर घाबरूं नये आणि न समजतां अंगठाही उठवूं नये. २०१९ च्या नियमांप्रमाणें नीतिसमितीची मान्यता व रोग्याची, त्यास समजेल अशा भाषेंत घेतलेली, संमति आवश्यक आहे. नकार दिल्यानें नेहमींचे उपचार थांबत नाहींत. परीक्षेमुळें इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळावे लागतात. तेव्हां तीन प्रश्न विचारावेत: नव्या औषधाची तुलना कशाशीं आहे? रक्तस्राव झाल्यास रात्रीं-अपरात्रीं कोणाकडे जावें? मध्येंच बाहेर पडतां येईल काय? उत्तरें नीट समजलीं, तरच सही करावी.