मज्जासंस्था आणि वर्गातील विद्यार्थी

वर्गात बसलेले मूल फळ्याकडे पाहते, शिक्षकांचे शब्द ऐकते, पाटीवर अक्षर गिरविते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. या सर्व क्रिया ज्या एका संस्थेच्या द्वारे घडतात, तीस मज्जासंस्था असे म्हणतात. नव्या पाठ्यपुस्तकांतून तिलाच चेतासंस्था म्हटलेले आढळेल. शरीरशास्त्राचा एक पाठ म्हणून ही माहिती शिक्षकास हवीच. परंतु तिचे महत्त्व तेवढ्यावर संपत नाही. आळस, हट्ट, दुर्लक्ष, निष्काळजीपणा अशी नावे देऊन ज्या गोष्टींबद्दल आपण मुलास बोल लावतो, त्यांपैकी काहींचे मूळ त्याच्या स्वभावात नसून मज्जासंस्थेत असते. हे मूळ ज्या शिक्षकास ओळखता येते, त्याच्या हातून मुलावर होणारा अन्याय टळतो. आणि प्रसंगी त्या मुलाचे प्राणही वाचतात.

रचना

मज्जासंस्थेचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. मेंदू व मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. त्यांपासून निघून सर्व शरीरभर पसरलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्यास परिघीय मज्जासंस्था म्हणतात. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात व मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात. डोळे, कान, जीभ व चेहरा यांचा कारभार मुख्यत्वे पहिल्या १२ जोड्यांकडे असतो. हात, धड आणि पाय यांचा कारभार दुसऱ्या ३१ जोड्यांकडे असतो.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरते. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने हे अवघे दोन टक्के होय. तथापि विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूस लागतो. सकाळी काहीही न खाता आलेल्या मुलाचे चित्त पहिल्याच तासाला ठिकाणावर राहत नाही, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मेंदूचे मुख्य भाग तीन. सर्वांत वरचा व मोठा तो मोठा मेंदू. विचार, स्मरण, भाषा, इंद्रियांकडून आलेल्या संवेदनांचे ज्ञान आणि हेतुपुरस्सर केलेल्या हालचाली ही त्याची कामे. त्याचे उजवा व डावा असे दोन गोलार्ध असून डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूच्या आणि उजवा गोलार्ध डाव्या बाजूच्या हालचाली चालवितो. मोठ्या मेंदूच्या खाली, मागील बाजूस, लहान मेंदू असतो. तोल सांभाळणे आणि अनेक स्नायूंच्या हालचालींचा मेळ घालणे हे त्याचे काम. सायकल चालविणे, दोरीवरच्या उड्या मारणे, सुईत दोरा ओवणे या गोष्टी त्याच्याच साहाय्याने साधतात. तिसरा भाग मस्तिष्कपुच्छ. श्वासोच्छ्वास, हृदयाची गती, गिळणे इत्यादी क्रियांचे नियंत्रण तेथून होते. म्हणूनच झोपेतही त्या अखंड चालू राहतात.

मस्तिष्कपुच्छाच्या खाली मज्जारज्जू सुरू होतो. पाठीच्या मणक्यांतील पोकळीतून जाणारा हा दोर प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटीमीटर लांब व करंगळीएवढा जाड असतो. पोलिओचे विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे पाय लुळा पडतो. परंतु त्या पायाची स्पर्शसंवेदना शाबूत राहते आणि बुद्धीस बाध येत नाही. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. तरीही लसीकरण चालूच ठेवावे लागते.

संदेशाचा प्रवास

मज्जासंस्थेची घटक पेशी म्हणजे मज्जापेशी. मानवी मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात. प्रत्येक पेशीस आखूड फांद्यांसारख्या वृक्षिका असतात. त्यांच्याद्वारे संदेश आत येतो. एक लांब तंतू असतो. त्याच्याद्वारे संदेश पुढे जातो. हा संदेश विद्युत्स्वरूपाचा असतो. दोन पेशी जेथे एकमेकींजवळ येतात, तेथे मात्र अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडण्यासाठी रासायनिक द्रव्याचे साहाय्य घ्यावे लागते.

संदेशाचा वेग मोजता येणार नाही, अशी एके काळी समजूत होती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला. तो सेकंदास सुमारे २७ मीटर निघाला. माणसाच्या काही तंतूंत हा वेग सेकंदास १०० मीटरहून अधिक असतो. त्या तंतूंभोवती मेदयुक्त वेष्टन असते व त्यामुळे संदेश जलद जातो. वेष्टन नसलेल्या तंतूंत तोच वेग सेकंदास एक मीटरच्या आसपास उतरतो. अनवाणी चालताना दगडाची ठेच लागली, की ठेच लागल्याचे तत्क्षणी कळते आणि खोलवरची ठणक किंचित मागाहून येते. स्पर्शाचा संदेश जलद तंतूंनी व ठणकेचा संदेश मंद तंतूंनी जातो, याचे हे रोजच्या अनुभवातील उदाहरण होय.

प्रतिक्षिप्त क्रिया

प्रत्येक गोष्टीसाठी मेंदूची आज्ञा येण्याची वाट पाहिली जात नाही. पायात बाभळीचा काटा रुतताच पाय आपोआप उचलला जातो आणि त्याच वेळी दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा सर्व भार पेलतो. तसे न होते, तर माणूस खाली पडला असता. हा सर्व व्यवहार मज्जारज्जू परस्पर उरकतो. वेदनेची जाणीव मेंदूस त्यानंतर होते. अशा क्रियेस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

वर्गात करावयाचे प्रयोग

पुढील तीन प्रयोगांस कोणतेही खर्चाचे साहित्य लागत नाही.

१. एका मुलास बाकावर पाय अधांतरी सोडून बसवावे. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली तळहाताच्या कडेने हलकेच आघात करावा. पाय आपोआप पुढे उडतो.

२. मुलास अर्धा मिनिट डोळे तळहातांनी झाकून घेण्यास सांगावे. नंतर उजेडाकडे तोंड करून ते उघडण्यास सांगावे. बाहुली लहान होताना शेजारच्या मुलास स्पष्ट दिसते. मुलास सूर्याकडे मात्र कधीही पाहू देऊ नये.

३. एका मुलाने ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरावी व न सांगता सोडावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवून ती पकडावी. पट्टी २० सेंटीमीटर घसरल्यास त्यास सुमारे ०.२ सेकंद लागला, असे समजावे. डोळ्यापासून मेंदूपर्यंत व मेंदूपासून बोटापर्यंतच्या कार्यात हा काळ जातो. तोच मुलगा गोष्टी करीत असताना प्रयोग पुन्हा केल्यास पट्टी अधिक घसरते. एका वेळी दोन ठिकाणी अवधान देणे किती अवघड आहे, हे मुलांस त्यावरून आपोआप पटते.

मेंदूची वाढ व अध्ययन

पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेले असते. आकार असा लवकर वाढतो. आतील घडण मात्र पुढे अनेक वर्षे चालू राहते. तंतूंवर वेष्टन चढण्याचे काम मोठ्या मेंदूच्या पुढील भागात विशीनंतरही काही काळ चालते. आणि मनास आवर घालणे, पुढचा विचार करणे ही कामे याच भागाची. सहा वर्षांच्या मुलाने तासभर निश्चल बसावे ही अपेक्षा त्याच्या शरीराच्या शक्तीबाहेरची आहे.

एखादी गोष्ट पुनःपुन्हा केली असता त्या कामातील पेशींमधील जोडण्या बळकट होतात. रानातून रोज चालल्याने पायवाट मळते, तसेच हे आहे. मात्र एकाच दिवशी शंभर वेळा गिरविण्यापेक्षा थोडे थोडे, दिवसांचे अंतर ठेवून गिरविणे अधिक टिकते. कारण शिकलेले पक्के होण्यास मधल्या झोपेचे साहाय्य होते.

डावखुऱ्या मुलाचा हात धरून त्यास उजव्या हाताने लिहावयास लावणे योग्य नाही. हाताची निवड त्याच्या मेंदूच्या घडणीतून झालेली असते. तसेच, अडखळत बोलणारे मूल मंदबुद्धीचे समजू नये. फ्रान्समधील शल्यवैद्य पॉल ब्रोका याने १८६१ साली अशा एका रोग्याची नोंद केली, की ज्यास दुसऱ्यांचे बोलणे समजत असे, परंतु स्वतःस एका शब्दापलीकडे बोलता येत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात बिघाड आढळला. समजणे आणि बोलणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, हे त्यावरून दिसून आले.

शिक्षकांनी ओळखावयाच्या खुणा

क्षणिक बेशुद्धी : शिकविणे चालू असता मूल एकाएकी शून्यात पाहू लागते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा पूर्ववत होते. मधले काही त्यास आठवत नाही. दिवसातून असे अनेकदा घडत असल्यास ते दुर्लक्ष नसून अपस्माराचा एक प्रकार असण्याचा संभव आहे. औषधोपचाराने तो बहुधा आटोक्यात येतो.

आकडी : मुलास आकडी आल्यास आसपासच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे व त्यास कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा अथवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने काहीही लाभ होत नाही. पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

बधिर चट्टा : अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, अथवा करंगळीची शक्ती जाऊन हातातील वस्तू निसटत असतील, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. या रोगाचे जंतू मज्जातंतूंवर आघात करतात. सहा ते बारा महिन्यांच्या मोफत उपचाराने रोग बरा होतो व तो लवकर सुरू केल्यास व्यंग टळते. अशा मुलास शाळेतून दूर ठेवू नये आणि ही गोष्ट चारचौघांत बोलू नये.

अकाली झापड : मण्यार बहुधा रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. दंशाची वेदना इतकी अल्प असते की कित्येकदा तो कळतही नाही. तिचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडविते. सकाळी मुलाच्या पापण्या उचलल्या जात नसतील, गिळण्यास वा बोलण्यास त्रास होत असेल, तर झोप अपुरी झाली असे म्हणून त्यास मागच्या बाकावर निजवू नये. श्वासाचे स्नायू बंद पडण्यापूर्वी सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात त्यास पोहोचविले पाहिजे. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ प्राणघातक ठरतो.

रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. खूण दिसताच तारीख घालून तिची नोंद करावी, पालकांस सौम्य शब्दांत सांगावे आणि मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा ही नोंद त्यापुढे ठेवावी. वैद्य मुलास काही मिनिटे पाहतो. शिक्षक वर्षभर पाहतो. यास्तव मुलास शिक्षा करण्याचा विचार मनात येईल त्या वेळी आधी त्याचे डोळे, हात, बोलणे आणि चालणे यांकडे एकवार निरखून पाहण्याची सवय प्रत्येक शिक्षकाने लावून घ्यावी.