एचएमटीच्या तीन अक्षरांतून इंग्रजीचा खेळ



रोवणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात संध्याकाळी घरात चार घटका निवांत मिळतात. बाहेर पावसाची झड लागलेली असते. अशाच एका संध्याकाळी मोहाडी तालुक्यात एका घरी मी चहाला थांबलो होतो. सहावीतली मुलगी वही पुढे घेऊन रडकुंडीला आली होती. दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द तयार करा, असा अभ्यास होता. तिची आई म्हणाली, "आमाले इंग्रजी कोठची येते जी! पोरगी अडली का आमीबी अडलो."

ही अडचण घरोघरी आहे. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. आजच्या बऱ्याच पालकांची इंग्रजी मात्र पाचवीला सुरू झाली, आणि पुष्कळांची शाळेबरोबर सुटली.

मी त्या माउलीला विचारले, "यंदा धान कोणते लावले?" "एचएमटी," ती म्हणाली. "मग तीन अक्षरे तुम्हालाच येतात की!"

एचएमटी हे नाव आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी हे वाण निवडून काढले. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत थोडेसे, पण नजर पारखी. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाचे मोठे अप्रूप, म्हणून धानालाही तेच नाव पडले. दादाजी 2018 साली वारले. त्यांचे धान आजही बांधीत उभे आहे.

आता एच, एम, टी या तीन अक्षरांचा शब्द करून पाहा. होत नाही. कारण त्यांत स्वर नाही. इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर. यांपैकी एक तरी बहुतेक प्रत्येक शब्दात लागतोच. कधी त्यांचे काम वाय करतो, जसा ड्राय म्हणजे कोरडा या शब्दात. एचएमटीत ए घाला: हॅट म्हणजे टोपी, मॅट म्हणजे चटई. ओ घाला: हॉट म्हणजे गरम. आणि चारही अक्षरे एम, ओ, टी, एच अशी मांडली की मॉथ, म्हणजे पतंग! धानावरच्या खोडकिड्याचा पिवळसर पतंग तुम्ही पाहिलाच आहे. मादीच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. पुढे गाभेमर आणि पांढऱ्या लोंब्या होतात त्या तिच्याच अळ्यांमुळे. मुलगी हसली. हा शब्द ती आता विसरणार नाही.

शब्द शोधण्याची रीत सोपी आहे. पहिल्याने स्वर वेगळे काढावेत. मग जोडीने फिरणारी अक्षरे पाहावीत: एस-एच, सी-एच, टी-एच, टी-आर. शेवटी ई-आर बसतो का ते बघावे, कारण फार्मचा फार्मर होतो तसे कितीतरी शब्द होतात. क्यू आला की त्याच्यामागे यू शोधावा. क्विंटल हा आपल्या रोजच्या तोंडचा शब्द त्याचाच. झेडसाठी झिंक आणि मेझ, म्हणजे जस्त आणि मका. एक्ससाठी ऑक्स म्हणजे बैल. जे अक्षराला तर ज्वारी धावून येते. जोवार हा शब्द इंग्रजी कोशात आहे. एम आला तर मुंगूस आठवावे. इंग्रजीतला माँगूस हा शब्द आपल्या मराठीतूनच तिकडे गेला.

अमेरिकेत 1930 नंतरच्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुशिल्पकाचे काम गेले. त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून एक खेळ रचला. तोच पुढे स्क्रॅबल झाला. त्याच्या 100 सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच. जे अक्षर दुर्मीळ त्याला गुण जास्त: ईला 1, क्यू आणि झेडला 10.

हा खेळ विकत आणायची गरज नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे करून त्यांवर अक्षरे लिहावीत. गुण मोजायला चिंचोके चालतील. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र कधीही घेऊ नये. एखादा लांब शब्द घ्यावा. खताला फर्टिलायझर म्हणतात: एफ, ई, आर, टी, आय, एल, आय, झेड, ई, आर. यातून ट्री निघते, लाइफ निघते, फिल्टर निघते, आणि नीट पाहिले तर फर्टाइल, म्हणजे सुपीक, हाही शब्द निघतो. आईवडिलांनी पंच व्हावे. प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलाने मराठीत सांगितला तरच गुण द्यावा. म्हणजे मूल शिकते, आणि ऐकता ऐकता आपणही शिकतो.

एक शब्द मात्र प्रत्येक घरात ओळखीचा असलाच पाहिजे: पी, ओ, आय, एस, ओ, एन. पॉयझन, म्हणजे विष. अतिविषारी कीटकनाशकांच्या लेबलावर तो तांबड्या अक्षरांत छापलेला असतो. तिथला त्रिकोण तांबडा किंवा पिवळा असेल तर विष जहाल समजावे. निळ्यासोबत डेंजर म्हणजे धोका, हिरव्यासोबत कॉशन म्हणजे सावधान, असे शब्द असतात, तेही विषच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. सोबतच्या पत्रकावर मराठी मजकूर असतो, पण तो बारीक. फवारणीपूर्वी तो आणि लेबल मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावे. डबा मात्र मोठ्यांनीच धरावा.

त्या रात्री निघताना त्या माउलीने मला विचारले, "साहेब, युरियात कितीक शब्द निघतात जी?" यू, आर, ई, ए. इअर म्हणजे कान आणि एरिया म्हणजे क्षेत्र यांपैकी एकच त्यात बसतो. कोणता, ते आज घरी मुलांना विचारा.