घराच्या चार भिंतींत घडलेला चित्रपट : ‘द ब्रदर्स मॅकमलन’

विपुल भांडवलावाचून चित्रपट उभा राहत नाही, असा ज्यांचा ग्रह असेल, त्यांनी १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्रदर्स मॅकमलन’ या अमेरिकन विनोदी चित्रपटाची हकीकत अवश्य जाणून घ्यावी. दूरचित्रवाणीवरील एका मनोरंजनविषयक कार्यक्रमात साहाय्यकाची नोकरी करणाऱ्या एडवर्ड बर्न्सने सुमारे २५ हजार डॉलरांची तजवीज करून, लाँग आयलंडवरील आईवडिलांच्या राहत्या घरात, बहुतांशी सुटीच्या दिवशी, १६ मिलिमीटर फिल्मवर तो चित्रित केला. लेखन, दिग्दर्शन आणि मधल्या भावाची भूमिकाही त्याचीच.

कथा आहे आयरिश कॅथलिक कुटुंबातील तीन भावांची. आरंभीच, वडिलांच्या कबरीपाशी, आई मधल्या मुलाला, बॅरीला, सांगते, की इतकी वर्षे मनात जपलेल्या माणसाकडे ती आता आयर्लंडला निघाली आहे. धाकटा पॅट्रिक संततिनियमन, विवाहपूर्व संबंध आणि पाप यांविषयीच्या बालपणीच्या धर्मसंस्कारांशी क्षणोक्षणी झगडतो. यातील हास्य त्या प्रामाणिक झगड्यातून उद्भवते, श्रद्धेच्या टवाळीतून नव्हे.

त्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या मुलाखतीसाठी आलेल्या, सनडान्स चित्रपट महोत्सवाशी निगडित अभिनेता-दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्डच्या हाती बर्न्सने या चित्रपटाची चित्रफीत दिली. पुढे सनडान्स महोत्सवात या कृतीस परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक लाभले, ‘फॉक्स सर्चलाइट’ने आपला पहिला चित्रपट म्हणून ती वितरित केली आणि अमेरिकेत तिचे उत्पन्न एक कोटी डॉलरांच्या वर गेले.

आपल्या घरातील माणसे, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे वाद हेच खरे भांडवल होय; नवोदित चित्रकर्मींनी हा चित्रपट एकवार तरी पाहावाच.